रक्तासाठी आणलेली कढई

मी एक लोखंडी कढई बोलतेय. खंडोजींच्या घरात भांड्यांची कमी नव्हती. मला आणलं ते औषध म्हणून. हे मी एके काळी फार मिरवलं. आता सांगायलाही लाज वाटते.

१९६१ सालचा श्रावण होता. बेंगळुरातल्या चिकपेटेत, एका भांड्यांच्या दुकानात मी टांगलेली होते. जवळच कापडाच्या दुकानात कामाला असलेले खंडोजी जेवणाच्या सुट्टीत आले, मला बोटाने वाजवून पाहिलं आणि विचारलं, "पूर्ण लोखंडाचीच ना?" प्रश्न ऐकूनच माझा अपमान झाला होता.

बसवनगुडीतल्या घरी त्यांची बायको भाग्यलक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती. वय जेमतेम बत्तीस, पण चेहरा पांढराफटक, पाय सुजलेले. चूल ते मोरी एवढं चाललं तरी धाप लागायची. शेजारच्या सोयराबाईंनी फर्मान काढलं होतं, "अक्का, लोखंडात सोप्पू शिजवून खा. रक्त कसं येत नाही बघते मी!" सोप्पू म्हणजे पालेभाजी.

"कार्तिकात देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, तिला मला चालत जायचंय," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "तेवढं रक्त आलं तरी पुरे."

मग काय, मी जिवापाड कामाला लागले. रोज भाजी काळी पडेपर्यंत माझ्यात शिजायची. तिला अन्नाचा वास नकोसा व्हायचा, तरी ती नेटाने चार घास गिळायची. मी तिच्या नखांकडे बघत बसे. ती पांढरीच राहिली.

भाद्रपदात डॉक्टर नागनाथ घरी आले. तिची खालची पापणी ओढून पाहिली, सुजल्या पायावर बोट दाबलं. मग हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "खंडोजी, तिच्यात लोखंड कमी नाही. रक्त तयार करायला मूत्रपिंडं धड लागतात. तिची निकामी होत चाललीत."

"मग औषध?"

"यावर अजून नाही. बाहेरून रक्त देऊ, स्वल्प दिवस बरं वाटेल. आणि ती पालेभाजी बंद करा. या दुखण्यात ती बाधते."

मी चुलीवरच होते. माझ्यात भाजी रटरटत होती. मी तिला बाधत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

खंडोजींनी आपलं रक्त दिलं. आठ-दहा दिवस तिच्या ओठांवर रंग होता. एकदा उभं राहून तिने माझ्यात फोडणीसुद्धा घातली. मग रंग पुन्हा उतरला. डॉक्टरांचं बोलणं मात्र खंडोजींच्या तोंडून निघेना.

एकदा तिने विचारलं, "अहो, हल्ली सोप्पू का नाही आणत?"

"बाजारात मिळत नाही गं."

बेंगळुरात, दसऱ्याच्या दिवसांत, पालेभाजी मिळत नाही! माणसाला खोटंही धड बोलता येत नव्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही.

कार्तिकातला शेवटचा सोमवार, जत्रेचा दिवस आला. देवळाच्या रस्त्यावरची गर्दी घरात ऐकू येत होती. तिला कूसही बदलवत नव्हती. खंडोजी ओल्या शेंगा घेऊन आले आणि माझ्यात भाजायला लागले. त्यांनी निम्म्या करपवल्या. तिने हात पुढे केला. त्यांनी मूठभर गरम शेंगा तिच्या तळव्यावर ठेवल्या. तिने एकही खाल्ली नाही. नुसती मूठ मिटली आणि म्हणाली, "झाली माझी जत्रा."

सहाव्या दिवशी ती गेली.

आता चार वर्षं मी परसात नळाखाली पालथी पडून आहे. गंजले आहे. माझ्यावरून ओघळणारं पाणी तांबडंलाल होऊन गटारात जातं. तिच्या एका नखापुरता रंग मला देता आला नाही, आणि इथे रोज वाहून जातोय.

मोडीत घालण्याआधी कुणी मला नेणार असाल तर खुशाल न्या. घासून घ्या, शेंगा भाजा. फक्त कुणाच्या उशाशी बसून माझ्या नावाने आशा लावू नका.