सोनचाफ्याची आगाऊ माफी

झाड कुठे आहे?

गेट आणि ओसरी यांच्या मधे. अगदी मधे. वेंकोजीराव अंग चोरून जातात, चाकाची खुर्ची जात नाही. गेट सरकवावं तर एका बाजूला जमिनीतली पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला वरच्या भाडेकरूंचा जिना.

कशासाठी तोडायचं?

बायकोसाठी, वनजाबाईंसाठी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बेंगळुरूला लेकीकडे आहेत. लेक सुष्मा फोनवर म्हणाली, दोन माणसं उचलून आत नेतील. वनजाबाईंनी तिच्या हातून फोन घेतला.

"मला उचलायचं ते एकदाच, आणि तेही बाहेर न्यायला. आत मी माझी येणार."

छाटून भागेल का?

हे कचेरीत झाडतोडीची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक खेपेला विचारलं. फांद्या वर आहेत, साहेब, अडतंय ते खोड. वेंकोजीरावांनी कन्नडमध्ये सांगितलं, मग दोन्ही हातांनी खोडाचा घेर दाखवला. अधिकारी म्हणाला, जागा तुमची असली तरी जिवंत झाड पाहणीशिवाय तोडता येत नाही. शुक्रवारी येतो.

(पुढचं कोणी विचारलं नाही.)

घरची रीत अशी, की झाड तोडण्याच्या आदल्या दिवशी त्याची माफी मागायची. पाहणी झाली की लगेच तोडायचं, म्हणून गुरुवारीच वेंकोजीरावांनी खोडाला हळदकुंकू लावलं, दोरा गुंडाळला, नारळ फोडला, हात जोडले.

शुक्रवारी अधिकारी आला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. लावलेलं कुंकू पुसायचं कसं? ते राहिलं. जाता-येता कोणीतरी गेटमधून हात घालून फूल ठेवलं. मग कोणीतरी दिवा. समोरच्या कमलिनीबाई मंगळवारी चार बायका घेऊन आल्या आणि म्हणाल्या, गेट उघडं ठेवत जा की, राव.

वेंकोजीरावांनी ठेवलं उघडं.

धोकादायक आहे का?

नाही.

कोणाची हरकत?

अधिकारी एकदाचा आला तेव्हा आरती चालू होती. त्याने बूट काढले. आधी नमस्कार, मग पाहणी. हे तर देवरमर, म्हणाला, देवाचं झाड. याला हात लावला तर सगळी गल्ली माझ्या अंगावर येईल. वेंकोजीराव म्हणाले, अहो, कुंकू मीच लावलं, तोडायचं म्हणून लावलं.

"तोडायचं त्याला कुंकू कोण लावतं, स्वामी?"

कमलिनीबाईंनी हरकत नोंदवली. बाकीच्या बायकांनीही. परवानगी मिळाली ती छाटणीची.

मी आत कशी येऊ?

हे वनजाबाईंनी विचारलं, गाडीची काच खाली करून. परवानगी मिळाली, एवढंच नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं. कसली, ते सांगायचा धीर झाला नव्हता.

सुष्माने खुर्ची उतरवली. वनजाबाई गेटपर्यंत आल्या. पुढे बायका, दिवा, खोड. कमलिनीबाईंनी प्रसाद पुढे केला.

"कमलिनी, हे झाड मी लावलंय. दर रविवारी मटण धुतलेलं पाणी ह्याच्या मुळात ओतलंय. तुझ्या देवाला चालतं का, विचार एकदा."

प्रसादाचा हात मागे गेला. बायका एकेक करून निघाल्या. कमलिनीबाईंनी जाताना आपला दिवाही उचलून नेला.

वेंकोजीरावांना वाटलं, सुटलो. त्यांनी तिथूनच अधिकाऱ्याला फोन लावला. हरकत उरली नाही, साहेब. छान झालं, अधिकारी म्हणाला, मग आता नव्याने अर्ज करा. पण झाड निरोगी आहे ना? छाटून भागतंय का ते आधी बघा.

फोनचा आवाज मोठा होता. वनजाबाईंनी सगळं ऐकलं. सुष्मा हळूच म्हणाली, अम्मा, आजच्यापुरतं उचलू का? त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सुम्ने, उगाच रस्त्यात बसवून ठेवू नको मला. गाडी वळव. अहो, तुमचे कपडे घ्या."

"मी? बेंगळुरूला?"

"घर झाडाला दिलंत ना. मग तुम्ही तरी कशाला थांबता?"

वेंकोजीरावांनी कपडे आणले, कुलूप लावलं, किल्ली वरच्या भाडेकरूकडे दिली आणि मागच्या सीटवर वनजाबाईंच्या शेजारी बसले. गाडीचं दार त्यांना जोरात आपटायचं होतं. ते सुष्माने आधीच हलकेच लावून घेतलं.