मी एकटा एकशे चाळीस होणार नाही

मी एक जुना दाखला आहे, मित्रांनो, पण मला चौकटीत घालून भिंतीवर टांगता येणार नाही. मी कागदाचा नाही. जिंतूरच्या एका शेतकरी संघाच्या कचेरीत प्रियंका नावाच्या मुलीचा संगणक आहे, त्यात मी राहतो. लोक मला 'सर्टिफिकेट' म्हणतात. माझी मुदत संपली आहे आणि तरीही माझी मान ताठ आहे. का, ते ऐका.

तुम्ही परीक्षेला जाता तेव्हा दारावरचे गुरुजी ओळखपत्र पाहतात. तसेच संगणकांचेही असते. या संघाची गावोगावी एकशे चाळीस केंद्रे आहेत. सोयाबीन मोजून घ्यायचे, तर केंद्रावरच्या संगणकातून आधी नंबर लावावा लागतो. तो संगणक संघाच्या मोठ्या संगणकाचे, म्हणजे सर्व्हरचे, दार वाजवतो. सर्व्हर विचारतो, "तू कोण? दाखला दाखव." दाखल्यावर नाव असते, देणाऱ्याची सही असते आणि मुदतीची तारीख असते. शिवाय प्रत्येक दाखल्याची एक गुप्त किल्ली असते. सर्व्हर असे कोडे घालतो, की ते त्या किल्लीशिवाय सुटत नाही. कोडे सुटले, तरच दार उघडते.

गेल्या वर्षी पहिल्याच सकाळी सगळी केंद्रे एकदम दारावर आली आणि सर्व्हर बसला. मग कागदावर नंबर लावले, भांडणे झाली. म्हणून यंदा खऱ्या गर्दीआधी खोटी गर्दी करून सर्व्हरचा दम पाहायचे ठरले. या खोट्या गर्दीसाठीच प्रियंकाने मला घडवले. मुदत दिली तीन दिवसांची.

ती मूळची ताडकळसची. कामाला चोख. ती म्हणाली, "काका, एकशे चाळीस केंद्रांना एकशे चाळीस दाखले बनवावे लागतील. दोन-तीन तास लागतील."

संघाचे व्यवस्थापक महारुद्रकाका हसले. "आगं, कशाला एवढा पसारा? एकच दाखला दे समद्यांला. आपल्याकडं एक माणूस गल्लीभराची कामं करून येतोच की न्हाई?"

प्रियंकाने ऐकले. आणि मला एकशे चाळीस सोंगे घ्यावी लागली. मी चारठाण्याचा, मी येलदरीचा, मी बोरीचा! नाव माझे एकच, किल्ली एकच. सर्व्हरने मला एकदा नीट तपासले. पुढच्या वेळी तो म्हणाला, "तूच ना? ये आत." कोडे नाही, काही नाही. पडद्यावरच्या सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. महारुद्रकाकांनी संगणकाच्या पाठीवर थाप मारली. "वाघ हाय, वाघ! एकटा समद्यांला पुरून उरला."

मित्रांनो, आयुष्यात माझी तेवढीच स्तुती झाली आणि ती मला मुळीच आवडली नाही. मी ओरडून सांगणार होतो, की ही गर्दी नव्हे, हा मी एकटा आहे! पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कचेरीत पारूबाई आल्या. जिंतूरजवळच्या एका वस्तीवर त्यांचे थोडेसे रान आहे. दर वर्षी त्या नवऱ्यासोबत ऊसतोडीला जातात. यंदा त्यांच्या टोळीची गाडी मंगळवारी पहाटे निघणार होती आणि नंबर लागणार होते सोमवारी आठ वाजता.

"पोरी, सोमवारी ते यंतर चालंल का गं?" त्यांनी विचारले. "न्हाई चाललं, तर सोयाबीन पत्र्याच्या खोलीत आन् आमी सा म्हैने तिकडं. घरी नुसती म्हातारी सासू. उंदरं खातील समदं."

"चालंल, मावशी. एका दाखल्यावर एकशे चाळीस केंद्रं पळवून बघितली."

"एकाच दाखल्यावर?" पारूबाई खुर्चीच्या काठावर टेकल्या. "गेल्या साली वजनकाट्यावर आमच्या वस्तीच्या चाळीस जणांचे कागद घेऊन माझे मालकच गेले होते. तिथल्या मान्सानं पहिल्या कागदाला तोंड बघितलं, बाकीच्याला नुसती मान हलवली. च्या पिऊन होईस्तोर काम झालं. दुसऱ्या दिशी मोठा सायेब आला, म्हणला समद्यांची तोंडं बघतो. मंग काय! सांजपस्तोर रांग हलली न्हाई."

 प्रियंकाने पडद्यावर माझ्याकडे पाहिले. कुणीतरी माझे म्हणणे बोलून दाखवले होते, तेही सहज बोलता बोलता!

ती तडक महारुद्रकाकांकडे गेली. "काका, तपासणी खोटी झाली. पुन्हा करू."

"हिरवं आलंय ते कशाला उकरायलीस? उद्या संचालकांना दाखवायचंय. सटवाजीआप्पा येनार हायेत."

शनिवारी चार वाजता संचालक जमले. महारुद्रकाकांनी तपासणी सुरू करायला सांगितले. पण त्याच दिवशी दुपारी बाराला माझी मुदत संपली होती. आता मला संधी मिळाली. सर्व्हरने तारीख पाहिली आणि दार लावून घेतले. एकशे चाळीस वेळा दार वाजले, एकशे चाळीस वेळा नकार आला. सगळा पडदा लालभडक. मित्रांनो, तो लाल रंग मला लय आवडला!

"सर्व्हरला सांग, तारीख बघू नको म्हणून," महारुद्रकाका दबक्या आवाजात म्हणाले. "दाखल्यांची तपासणीच बंद कर."

प्रियंकाने हात मागे घेतले. "न्हाई, काका. दार उघडं टाकलं, तर कुनीबी कुनाच्याबी नावानं नंबर लावील. मी न्हाई करनार."

वयोवृद्ध संचालक सटवाजीआप्पा काठी टेकून पुढे झाले. "मंग खरं काय हाय, ते दाखव की, बाई."

तिने संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस दाखले घडवले. प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळी किल्ली. माझ्या धाकट्या भावंडांची ती फौज एकदम दारावर गेली. सर्व्हर एकेकाचे तोंड पाहू लागला, कोडे घालू लागला. साठाव्या केंद्रावर तो बसला.

महारुद्रकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सोमवारी बसला असता," ते हळूच म्हणाले. "आन् दोष माझा असता."

रविवारी प्रियंकाने दारावर एका तपासनिसाच्या जागी चार बसवले, म्हणजे तपासणीचे काम चार संगणकांत वाटून दिले. पुन्हा फौज आली. या वेळी एकशे चाळीसही आत गेले. हे हिरवे खरे होते.

सोमवारी आठ वाजून सहा मिनिटांनी पारूबाईंचा नंबर लागला, दुपारी माप झाले. मंगळवारी पहाटे गाडीतून त्यांनी प्रियंकाला फोन केला. "पोती रिकामी झाली गं! आता ऊस तोडायला मोकळी."

मी मात्र जुन्या फायलींत पडलो. कुणी विचारत नाही. नसेना का! मी पुन्हा एकशे चाळीस व्हायला नकार दिला आणि त्याची मला लाज नाही. तुमच्याही पुढे कुणी म्हणेल, "सगळ्यांच्या वतीने तूच सही कर, तूच उत्तर दे, कोण बघतंय?" तेव्हा मला आठवा. आपली किल्ली आपल्यापाशी ठेवा. आणि परीक्षा घ्यायचीच असेल, तर खरी घ्या.

परवा एका केंद्राचा फोन आला होता. त्यांचा संगणक बिघडला होता आणि त्यांना शेजारच्या गावाचा दाखला चार दिवस वापरायला हवा होता. फोन महारुद्रकाकांनी घेतला. मी कान टवकारले.

"न्हाई जमनार," काका म्हणाले. "ज्याचं तोंड त्यानंच दाखवायचं. थांबा, तुमाला नवा बनवून देतो."