कामापुरतंच लिहा

भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा नियम ताईचा: आईचं औषध, जेवण, झोप, एवढंच लिहायचं. ताई दवाखान्यात वॉर्डची मुख्य नर्स, त्यामुळे हुकूम सोडायची सवय हाडीमाशी खिळलेली. पण नियम उगाच नव्हता. मधल्या बहिणीला ऊठसूट सुविचार पाठवायची हौस. त्या गर्दीत डॉक्टरांनी गोळी बंद केल्याचा निरोप कुणी वाचलाच नाही आणि आईच्या जिवावर बेतलं. तेव्हापासून अवांतर लिहिणाऱ्याची ताई बिनपाण्यानं हजामत करायची. मधली रुसली, पण सुविचार थांबले.

आईपाशी धाकटा भाऊ राहायचा. रोज संध्याकाळी त्याचं 'औषध दिलं, जेवली, झोपली' यायचं आणि ताईचा जीव भांड्यात पडायचा.

त्या दिवशी मात्र भरदुपारी लांबलचक मजकूर आला. 'आई मला बाबा समजतेय. मला सोडून कुठे गेला होतात, असं विचारते. कामावर गेलो होतो म्हटलं, तर रडायलाच लागली. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, ताई. तिला काय सांगू?'

ताई सलाईन बदलत होती. वरवर नजर टाकून ती सवयीनं लिहून गेली, 'मुद्द्याचं बोल. औषध दिलंस का?'

धाकट्यानं मजकूर पुसून टाकला. खाली नुसतं 'दिलं' आलं.

पाळी बदलताना नवी नर्स एकेका पेशंटची माहिती थोडक्यात सांगत होती. एका खाटेपाशी पेशंटचं तेवढं सांगून ती थांबली, तशी ताई खेकसली, "आणि सोबतचा माणूस? तो जेवला का, झोपला का, कोण सांगणार? तोच आडवा झाला तर पेशंटकडे कोण बघेल? किती वेळा शिकवायचं तुम्हाला!"

"कालपासून बसूनच आहेत ते, सिस्टर," पोरगी चाचरत म्हणाली.

ताईनं खिशातला फोन काढला. सख्ख्या भावाला तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजूला जाऊन तिनं लिहिलं, 'आईचं कळलं. तुझं काय?'

धाकट्याचं आलं, 'दमलोय गं.'

ताईनं डोळे पुसले, रजा मागून घेतली आणि लिहिलं, 'रात्रीपर्यंत पोचते. आठवडाभर मी आहे, तू झोप काढ. आणि आईला बाबा होऊनच सांग, आता कुठे जात नाही म्हणावं.'

ती जिना उतरत असताना उत्तर आलं. 'सांगितलं. माझा हात धरून बसलीय.'