तिसरी बशी

गोगलगायींच्या अंड्यांवर भिंग धरून बसलेल्या बाईंचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. प्रयोगशाळा थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, त्यामुळे भांडणही घरातलंच.

"फरक नाही, मेहुणीबाई," भाऊजी खुशीत म्हणाले. "एका बशीत कारखान्याच्या खालच्या अंगाचं नदीचं पाणी, दुसरीत नळाचं शुद्ध पाणी. दोन्हींत सारखंच. कारखाना सुटला! करा अहवालावर सही."

"सारखंच म्हणजे काय, ते डोकावून बघितलंत?"

दोन्ही बशांतल्या अंड्यांत गर्भ निपचित पडले होते. कुणाला शंखच नाही, कुणाला एकच डोळा. निरोगी गर्भ अंड्यात गरगर फिरत राहतो. नळाचं पाणी शुद्ध, असं धरून चालण्यात बाईंनी चूक केली होती, आणि त्या चुकीचाच त्यांना जास्त राग येत होता. म्हणून काही दिवसांपूर्वीच त्यांनी कारखान्याच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणून त्याच गोगलगायींची अंडी तिसऱ्या बशीत ठेवली होती. तिथे सगळे फिरत होते.

"शरीरातली संप्रेरकं बिघडवणारं काहीतरी नदीतून नळात उतरलंय, भाऊजी. फरक नाही, कारण दोन्ही पाणी एकच आहे!"

"गिऱ्हाइक कारखाना आहे, त्यानं दोनच बशा मागितल्यात. आणि गोगलगायीच त्या! माणसांचं काय बिघडलंय?"

"ते कुणी तपासलंय? ताई हेच पाणी पिते. तुम्हीही."

"मी ठणठणीत आहे. शंखाचं म्हणाल, तर तो मला आधीपासूनच नाही." भाऊजी एकटेच हसले.

"जनाची नाही, निदान मनाची तरी लाज ठेवा! मी सही करणार नाही."

"अहो, तुमच्या सहीशिवाय हा अहवाल कुणी हातात धरणार नाही."

"म्हणूनच!"

बाईंनी तिन्ही बशा ट्रेमध्ये ठेवल्या आणि तरातरा दोन गल्ल्या ओलांडून पाणीपुरवठा कचेरी गाठली. रांगेतल्या लोकांनी त्यांचा चेहरा बघूनच वाट दिली.

"नळाला पाणी येत नाही का?" खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"येतंय. तेच दुखणं आहे." बाईंनी त्याच्या हातात भिंग दिलं.

तो नाखुशीनं वाकला. तिसरी बशी बघितली, मग दुसरी. पुन्हा तिसरी.

"हे फिरतायत. मग ते का नाही फिरत?"

मागची माणसं पुढे सरकली. बाईंनी आवाज चढवला, रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.