शुक्राची कोर आणि माझं बदललेलं भिंग

मित्रांनो, संग्रहालयाच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, कातडं सोललेली लाकडी नळी दिसते ना, ती मी. मी एक म्हातारी दुर्बीण आहे. माझ्यासमोर पाटी आहे: ‘नक्कल करणाऱ्या बाईची दुर्बीण’. हे धादांत खोटं आहे, आणि त्या खोट्याची साक्ष मीच दिली.

मला एका भिंगवाल्याच्या लेकीने घडवलं. पुढच्या टोकाला फुगीर भिंग, डोळ्यापाशी खोलगट. घासून घासून तिच्या बोटांची सालटी निघत. आमच्या कारखान्याची एक रीत होती. तयार दुर्बीण संध्याकाळी आकाशातल्या ठळक चांदणीवर रोखायची, दिसेल ते चिठ्ठीवर काढायचं आणि चिठ्ठी नळीतच ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला माल पटतो. चिठ्ठीवर तारीख घालायची नाही. माल शिळा वाटतो, असं बाप म्हणे.

माझ्यातून तिने शुक्र पाहिला. तो गोल नव्हता, चंद्रासारखी कोर होती! असं कुणी पाहिल्याचं तोवर ऐकिवात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एक बडे पंडित खरेदीला आले. मला तिने विकलं नाही, पण भोळेपणाने त्यांना सगळं सांगून टाकलं. पंधरा दिवसांत पंडितांनी तो शोध आपल्या नावाने छापला, तारखेसकट.

ती तडक त्यांच्या दारात गेली. “कोर मी आधी पाहिली,” ती म्हणाली. जमलेले लोक हसले. घरी बापाने सुनावलं, “गप्प बस. मोठं गिऱ्हाईक आहे ते.” ती मरेपर्यंत गप्प बसली नाही, आणि मरेपर्यंत तिचं कुणी ऐकलं नाही. गल्लीतली पोरं तिला ‘कोरवाली’ म्हणून चिडवत. मला फार राग यायचा.

म्हातारपणी तिची नजर अधू झाली. धाकट्या भावाचा तिच्यावर भारी जीव. ताईला जास्त आकाश दिसावं म्हणून त्याने माझं खोलगट भिंग काढून फुगीर बसवलं. दिसू लागलं जास्त, पण उलटं! उजवं ते डावं, वरचं ते खाली. ताई म्हणाली, “बरं झालं. जग आहे तसं दिसायला लागलं.” काढलेलं भिंग भावाने गुंड्यांच्या डबीत टाकलं. लिहून मात्र कुणी ठेवलं नाही.

शेकडो वर्षांनी एक संशोधक आला. माझ्या पोटात त्याला ती चिठ्ठी सापडली. कागदातल्या, कागद बनवणाऱ्याच्या छापावरून साल कळलं, उरला दिवस. तेवढ्या जाडीची कोर त्या साली दोनदा दिसली होती: एकदा संध्याकाळी, पंडितांच्या आधी, आणि सात आठवड्यांनी पहाटे, पंडितांच्या नंतर. संध्याकाळची कोर उजवीकडे फुगते, पहाटेची डावीकडे. चिठ्ठीवरची उजवीकडे फुगलेली होती. जिंकलो ग बाई, असं मी मनात म्हटलं.

मग त्याने मला डोळ्याला लावलं. भिंतीवरचं घड्याळ उलटं दिसलं.

“ही उलटं दाखवते,” तो सोबतिणीला म्हणाला. “म्हणजे खरी कोर डावीकडची, पहाटेची. बाईने पंडितांची नक्कल केली.”

मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा, मायेने करा. पण काय काढलं आणि काय बसवलं, ते चार शब्दांत लिहून ठेवा. ते खोलगट भिंग हरवलेलं नाही. डबी माझ्याबरोबरच इथे आली, माझ्या शेजारी वीतभर अंतरावर आहे. तिच्यासमोरही पाटी आहे: ‘जुन्या गुंड्या’.