चाटलेली कड

दोन्या कूकाने दुपारपासून गाडीला हात लावला नव्हता. इरापुआतोच्या चौकात, चर्चच्या पायऱ्यांसमोर, तिच्या आंब्याच्या गाडीवर आज जावई लिब्रादो उभा होता आणि ती बाकावर गुडघे चोळत बसली होती. आजचा रविवार नीट पार पडला की गाडी त्याची. मग ती खुशाल कोलिमाला बहिणीकडे जाणार होती.

चामॉय मात्र तिनेच करून दिलं होतं. खारवलेले जर्दाळू, अंबाडीची फुलं, सुक्या मिरच्या, साखर, सगळं घोटून केलेला आंबट-तिखट दाट रस. लोक ते काकडीवर घालत, वेफर्सच्या पिशवीत ओतत आणि मग बोटं चाटत बसत. लिब्रादोचे हात झपाझप चालत होते. पेल्याची कड बशीतल्या चामॉयमध्ये बुडवायची, मग मिरचीपुडीत दाबायची, वर आंब्याचा बर्फ. म्हातारी खूश होती. त्याने मघाशी तिच्याही वेफर्सवर बरणीतून भरपूर चामॉय ओतून दिलं होतं, ते ती आवडीने चघळत होती.

तेवढ्यात टायरवाला एबोदियो रिकामा पेला घेऊन परत आला. कड त्याने चारी बाजूंनी चाटून लख्ख केली होती. मिशीत आंब्याच्या शिरा लोंबत होत्या.

"ह्यातच अजून एक भर रे. कड जाड लाव."

"आण, दादा."

लिब्रादोने तो चाटका पेला तसाच बशीत पालथा घातला आणि गोल फिरवला. वर काढला तेव्हा लाळेची तार लोंबली. मिशीचा एक केस बशीतच राहिला. पुढचं गिऱ्हाईक पांढऱ्या फ्रॉकातली लहान मुलगी होती. तिचा कोरा पेलाही त्याने त्याच बशीकडे नेला.

दोन्या कूकाने ते पाहिलं. गुडघे विसरून ती उठली.

"शी! लोकांची थुंकी विकतोस होय रे, माझ्या चामॉयमध्ये घालून?"

"हळू, सासूबाई! गिऱ्हाईकं ऐकताहेत. एवढी मिरची, एवढं लिंबू, सगळं मरतं त्यात."

"तुझी लाज मेली, तेवढं दिसतंय."

एबोदियो रागावला. "दोन्या, मी काय रोगी आहे का?"

"तुझा पेला तू खुशाल चाट, बाबा. बशी सगळ्यांची आहे." ती लिब्रादोकडे वळली. "ओत ती बशी गटारात. आत्ताच्या आत्ता."

"ओतायची कशाला?" लिब्रादो खरोखरच गोंधळला. "एवढं महागाचं चामॉय! बशीतलं उरलेलं मी दर वेळी बरणीत परत घालतो. दुपारपासून थेंब वाया घालवला नाही."

तो कौतुकाची वाट पाहत होता. दोन्या कूकाने बरणीकडे पाहिलं, मग हातातल्या वेफर्सच्या पिशवीकडे. तळाशी लाल घट्ट रस साचला होता. बोटं तर तिने केव्हाच चाटून साफ केली होती.

ती धावतच गटारापाशी गेली आणि वाकली. पोटातलं सगळं पडलं तरी उमासे थांबेनात. परत आली तेव्हा तिने तोंड धुतलं, बरणी उचलून गटारात रिकामी केली आणि जावयापुढे हात केला.

"ॲप्रन काढ."

"पण सासूबाई, कोलिमा? मावशी वाट बघतील ना."

"तिला फोन करून सांग," गाठ मारता मारता ती म्हणाली, "माझे गुडघे एकदम बरे झालेत म्हणावं."

मग गाडीच्या कडेला धरून, कळ दातात दाबत, ती फडक्याने बशी घासू लागली.