सरांची पोरगी

सामना खेळून आलेल्या पोरीचे कपडे घामानं ओले असतात, धुळीनं माखलेले असतात. अंबरीनचा गणवेश मात्र जसा घडी करून नेला, तसाच परत यायचा. कमरुन्निसा हे दोन वर्षांपासून बघत होती. तिनं विचारलं की नवरा दर वेळी एकच सांगायचा, पोरीची वेळ येईल.

तिचा नवरा म्हणजे सिराजोद्दीन सर, अंबडच्या एका शाळेतले खेळाचे शिक्षक. मुलींचा बास्केटबॉलचा संघ त्यांनीच उभा केला. कुणी किती वेळ खेळायचं, कुणाला कधी बाहेर घेऊन कुणाला आत पाठवायचं, हे तेच ठरवत. बारा जणींपैकी अकरा जणींना त्यांनी कधी ना कधी मैदानावर उतरवलं होतं. बारावी त्यांची स्वतःची मुलगी, दहावीतली अंबरीन. सरावात ती चेंडू घेऊन निघाली की लहान वर्गांतल्या पोरी बघत उभ्या राहायच्या. सामन्याला मात्र ती कायम बाकावर.

कारण साधंच होतं. दोन वर्षांपूर्वी संघाची यादी लागली, तेव्हा बसस्थानकाजवळच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं होतं, "सरांची पोरगी हाय, तिला कोण बाहेर काढतंय!" हे बोलणं फिरत फिरत सरांच्या कानावर आलं आणि मनात रुतून बसलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. सरांनी ती उलटी केली आणि त्यालाच ते प्रामाणिकपणा समजले. गावानंही त्यांची वाहवा केली. अशी वाहवा महागात पडते, मंडळी.

यंदा जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत संघ उपांत्य सामन्यापर्यंत पोचला. सामना जालन्याला होता. चेंडू पुढे नेण्याचं काम प्रीतीचं, आणि सरांनी तिला एक मिनिटही बाहेर घेतलं नव्हतं. तिसऱ्या सत्रात तिनं गुडघ्याकडे बोट दाखवून हात हलवला. तिच्या जागी खेळू शकेल अशी एकच मुलगी बाकावर होती. अंबरीन उठून उभीही राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि प्रीतीला खुणेनं सांगितलं, थोडा दम धर.

पुढच्याच मिनिटाला उडी मारून खाली येताना प्रीतीचा गुडघा पिरगळला. तिची किंकाळी साऱ्या मैदानानं ऐकली. आणि तरीही सरांनी आत पाठवलं ते नवख्या पायलला! सामना दोन गुणांनी जिंकला, पण त्या जिंकण्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट फाटलंय, ऑपरेशन लागेल, वर्षभर खेळ बंद. प्रीतीचे वडील धम्मपाल एसटीत कंडक्टर. ते ड्यूटीवरून तसेच खाकी कपड्यात आले होते. सर माफी मागू लागले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की अंबरीनला का पाठवलं नाही? सरांनी काही लपवलं नाही. हॉटेलातल्या त्या वाक्यापासून सगळं सांगितलं.

धम्मपाल शेजारच्या बाकावर टेकले.

"सर, ते वाक्य माझंच हाय. चहा पिता पिता बोलून गेल्तो. मी विसरलो बी. तुम्ही दोन वर्षं धरून बसले."



"माझी बायको गाडीत चढली तर मी तिचंबी तिकीट फाडतो," धम्मपाल पुढे म्हणाले. "पण जागा रिकामी असून, लोकं काय म्हणतील म्हणून तिला उभी न्हाई ठेवत. तुम्ही तुमच्या पोरीला तसंच ठेवलं, अन् माझ्या पोरीचा पाय गेला. लोकाच्या तोंडाला भिऊन केलेला न्याय बराबर कसा असंल, सर?"

ते ओरडले असते तर सरांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्याआधी सरांनी साऱ्या मुलींसमोर आपली चूक कबूल केली. आज प्रत्येकीला खेळायला मिळेल, दमेल ती बाहेर बसेल, आणि यात माझी मुलगीही आली, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अंबरीन दुसऱ्या सत्रात उतरली. पहिला चेंडू तिच्या हातातून निसटला. नंतरचा नेमही चुकला. लगेच मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सरांची पोरगी उतरवली, आता हरले हे!"

याच वाक्याला सर दोन वर्षं भीत आले होते. त्यांनी ते ऐकलं, हाताची घडी घातली आणि पोरीला तिची वेळ संपेपर्यंत खेळू दिलं. पुढचा नेम बरोबर बसला, नंतरचे दोनही बसले. तरी सामना चार गुणांनी गेला.

अंबरीन धापा टाकत येऊन वडिलांच्या शेजारी बसली.

"अब्बा, मला वाटायचं, मला खेळताच येत न्हाई, म्हणून तुम्ही बसवता."

सर सगळ्यांच्या देखत रडले.

मंडळी, आपल्या माणसाला हक्कापेक्षा जास्त देणं हा अन्याय आहे, आणि लोकांना दाखवायला त्याचा हक्क काढून घेणं हाही अन्यायच आहे. ज्याच्या हातात निवड आहे त्यानं खेळणाऱ्याकडे बघावं, बघणाऱ्यांकडे नाही. आणि आपण बाहेर उभे असलेल्यांनी, कुणाबद्दल बोलताना, ते बोलणं कुठवर जाईल याचा विचार करावा. प्रीती आता कुबडी घेऊन शाळेत येते. ती फाटकातून आत येताना दिसली की दोन माणसं मान खाली घालतात, एक सिराजोद्दीन सर आणि दुसरे तिला सोडायला आलेले तिचे वडील.